मागच्या सीटची ऊब

माझे भाऊजी फ्रिज दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेला माणूस. स्वभावही थंड, ताईवर कधी आवाज चढवला नाही. पेट्रोलच्या वासाने ताईला मळमळतं, म्हणून त्यांनी जुन्या गाडीचं इंजिन काढून ती बॅटरीवर चालवायचा घाट घातला. मी तोंडावर सांगितलं, "भाऊजी, नसता उद्योग आहे हा." ते हसले. माझं बोलणं त्या घरात कोण मनावर घेतं!

बॅटरी मागच्या सीटखाली बसली. ती तापू नये म्हणून पेटीत पोकळ पट्ट्या, त्यांतून पंपाने फिरणारं गारव्याचं पाणी, म्हणजे कूलंट, पुढे रेडिएटर. जोडकाम असं की हात फिरवत राहावं. फक्त सगळ्यात उंच वळणावर हवा काढायची तोटी नव्हती. फ्रिजच्या नळ्यांतली हवा आधीच ओढून घेतात, मग भरलेला गॅस कानाकोपऱ्यात आपोआप पोचतो. भाऊजींच्या हाताला तीच सवय. इथे हवेचा फुगा अडकला की कूलंट जागीच थांबतं. बॅटरी तापत राहते, पुढची नळी मात्र गार. हे आम्हाला नंतर कळलं.

तापमानाचं मीटर त्यांनी त्याच पुढच्या नळीवर लावलं होतं. पहिल्या मोठ्या चढावर काटा ढिम्म. भाऊजी खूश. मी शेजारी बसलो होतो, ताई मागे, आणि मला त्या काट्याची भीती वाटायला लागली. एवढा चढ, तिघांचं ओझं, आणि काटा जागचा हलू नये?

"बिघडलाय का हो?" मी विचारलं.

"तुला कशातच चांगलं दिसत नाही," ते म्हणाले. पंप गुणगुणत होता.

मागून ताई म्हणाली, "अहो, सीटखालून काय छान ऊब येतेय! या गारठ्यात बरं वाटतं."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. गाडी कडेला घेत ते ओरडले, "उतर! आधी उतर!"

ताईच्या नाकावर राग. "ओरडताय कोणावर? नीट बोला, मग उतरते." ती हाताची घडी घालून बसूनच राहिली. सीटखालून फुसफुस ऐकू यायला लागली. भाऊजींनी मागचं दार उघडून तिला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं. तिची शाल सीटवरच राहिली, आणि तीच पहिली पेटली.

गाडीचा सांगाडा झाला. ताईला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मला त्या माणसाचा राग येतो आणि कीवही. परवा त्यांनी स्वयंपाकघरातला पंखा दुरुस्त करून सुरू केला. ताई चिरायची भाजी उचलून दुसऱ्या खोलीत गेली.