जोडीतलं एक पिस्तूल

माझे सासरे सकाळी उठले की चहाच्या आधी वारा हुंगायचे. ओटीवर उभे राहायचे, खाडीकडे तोंड करायचे, नाक वर करायचे आणि निकाल द्यायचे, "आज ओला हाय." झालं! त्या दिवशी घरात कुणाला स्वस्थ बसायची सोय नाही. कधी "आज सुका हाय" म्हणाले तरी चैन नसेच, कारण सुका वारा दुपारनंतर ओला होणार याची त्यांना खात्री असायची. मिठागराचे मालक, वाऱ्याची काळजी करणारच, असं मी नव्या नवरीच्या शहाणपणानं मनात म्हटलं. मीठ गेलं चुलीत! काळजी होती ती माजघरातल्या एका पिस्तुलाची.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची, नवी मुंबई हे नाव कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हाची. जासईच्या अलीकडे आमचं गाव. एकीकडे डोंगर, दुसरीकडे मिठागरं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आम्ही आणि आमचा गंज. कड्या, कोयते, बिजागऱ्या, काही म्हणजे काही टिकायचं नाही. भिंतीत नवा खिळा ठोकला, तर पुढच्या दिवाळीला त्याची नुसती आठवण राहायची.

अशा हवेत मामा (सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात) शंभर वर्षांचं जुनं पिस्तूल सांभाळत होते. चापाखाली टोपी बसवून उडवायचं, तोंडाकडून दारू भरायचं. त्यांच्या आजोबांनी कुणा गलबतवाल्याकडून मिठाच्या मोबदल्यात घेतलेलं. त्याचा बार कुणी ऐकलेला नव्हता. पण देखणं किती! काळसर तपकिरी नळी, तिच्यावर वेल कोरलेला, पानापानाची शीर दिसावी इतका नाजूक, आणि बुडाशी कारागिराची बारीक अक्षरं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला देवघरात नमस्काराला नेलं आणि तिथून सरळ या पिस्तुलापुढे. मी त्यालाही वाकून नमस्कार केला. मला काय ठाऊक, कुलदैवत असायचं!

पेटीत मखमल होती आणि मखमलीत दोन खाचा. एकीत पिस्तूल, दुसरी रिकामी.

"दुसरं कुठंय?" मी विचारलं.

सासूबाईंनी मला असा काही कोपर मारला की हातातल्या नव्या बांगड्यांतली एक तडकली. मामांनी पेटी मिटली आणि ते ओटीवर जाऊन वारा हुंगू लागले.

दुसरं पनवेलला होतं, मामांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे काकांकडे. आदल्याच वर्षी दोघा भावांची वाटणी झाली होती. मिठागर, नारळी, तांब्याची भांडी, सगळं हसतखेळत वाटलं गेलं. पेटलं ते या जोडीवरून. जोडी फोडायची नाही, यावर दोघा भावांचं एकमत. ती आपल्याकडेच राहावी, यावरही दोघांचं एकमत. पंच कंटाळले. म्हणाले, एकेक घेऊन जा, तिसऱ्या दसऱ्याला दोन्ही समोरासमोर ठेवा. ज्याचं चांगलं राहिलं असेल, जोडी त्याची. दोघांनी शब्द दिला. आणि मग मामांच्या ध्यानात आलं की काकांचं घर पनवेलच्या बाजारपेठेत, खाडीपासून आत, आणि आपण मात्र खाडीत पाय सोडून बसलोय.

"हा न्याय हाय?" ते येताजाता विचारायचे. कधी मला, कधी म्हशीला.

मग त्यांनी त्या पिस्तुलाचे जे लाड केले, ते माझ्या नवऱ्याचेही लहानपणी झाले नसतील. त्याला खोबरेल चोपडायचे. थंडीत ते थिजायचं, उन्हाळ्यात चिकटायचं आणि त्यावर घरभरची धूळ बसायची. चामड्याचं म्यान शिवून घेतलं. चामडं सगळी ओल पिऊन बसलं आणि महिन्याभरात आतून हिरवं झालं. मग कुणीतरी सांगितलं, भात कोरडा असतो, भातात ठेवा. पिस्तूल कणगीत पुरलं. बाहेर काढलं तेव्हा नळीतून पोरकिडे निघाले, एकामागून एक, रांगेत, जणू फौजच. पुन्हा मखमलीच्या पेटीत. तिथून माळ्यावर. माळ्यावरून मामांच्या गादीखाली. पिस्तुलाला एका जागी चैन नाही आणि मामांना तर कुठेच नाही.

त्यात कुणी पाहुणा आला की मामा पिस्तूल काढून त्याच्या हातात देणार. "बघा, हातात घेऊन बघा!" पाहुणा घामट अंगठा नळीवर फिरवणार आणि वाहवा करून जाणार. चार दिवसांनी तो अंगठा नळीवर तांबूस उमटायचा. घरी कोण कोण येऊन गेलं, ते आम्ही पिस्तुलावरून सांगू शकत होतो.

आणि पनवेलहून बातम्या यायच्या. काकांच्या शेजारचा एक माणूस उरणला जाताना हटकून आमच्याकडे पाणी प्यायला उतरायचा, आणि पाण्याबरोबर मामांचा जीवही घ्यायचा. "काकांचं काय झळाकतंय म्हनून सांगू! त्यात बघून भांग पाडावा." तो गेला की मामा जेवत नसत.

माझ्या माहेरून माझ्याबरोबर शिवणयंत्र आलं होतं. खिडकीशी ठेवलेलं, त्याच वाऱ्यात. एकदा झबलं शिवताना माझ्या डोक्यात आलं आणि मी हाक मारली, "मामा, माझं यंत्र गंजत नाही."

"ते नवं हाय."

"वर्ष झालं त्याला. वारा त्यालाही हाच."

"त्याला हात कोन लावतो?"

"मी. रोज. आणि रोज पुसून ठेवते. खोबरेल नाही लावत."

मामा यंत्राजवळ आले, वाकले, त्याच्या चाकाला नाक लावलं. बराच वेळ हुंगलं. "तुजं ते तेल दे बघू," म्हणाले.

आतून सासूबाई ओरडल्या, "आता पिस्तुलालाबी एक झबलं शिव गं बाय!"

त्या दिवसापासून पिस्तुलाचा कारभार माझ्याकडे आला. काय सांगू, मला राज्य मिळाल्यासारखं वाटलं! आधी रॉकेलच्या बोळ्यानं जुनं खोबरेल काढलं, कोरडं पुसलं. मग धोतराच्या मऊ फडक्याला यंत्राच्या तेलाचा थेंब, आणि नळीवरून त्याचा नुसता एक हात. तेल लावलंय की नाही असा संशय यावा, इतकं पातळ. मुठीच्या लाकडाला ते तेल नाही, त्याला जवसाचं, तेही बोटाला लागेल इतकंच. चामड्याचं म्यान कुत्र्याच्या पिल्लानं पळवलं. त्याला आम्ही कुणी अडवलं नाही. राहिली मखमल. श्रावणात मी पेटीत हात घातला, तर ती कुत्र्याच्या नाकासारखी गार आणि ओली. म्हटलं, या गादीवर कोण आजारी पडणार नाही? पिस्तूल बाहेर काढलं आणि चुलीच्या भिंतीला पाठ लागलेल्या कपाटात दोन लाकडी खुंट्यांवर आडवं ठेवलं. चहूकडून हवा मोकळी. खाली मातीच्या वाडग्यात कळीचा चुना, ओल ओढून घ्यायला. चुना फुटून भुकटी झाला की नवा. आणि नियम एकच, उघड्या हातानं शिवायचं नाही. पाहुण्यांनी हात पाठीमागे बांधून लांबून बघायचं. सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "आमचं पिस्तूल आजकाल सोवळ्यात असतं."

पाहुणे ऐकायचे. ऐकायचे नाहीत ते मामा. ओला वारा आत गेला नाही ना, हे बघायला ते तासातासाला कपाट उघडायचे आणि ओला वारा आत घ्यायचे. कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या कमरेला. मग मामा कपाटाच्या दाराला कान लावून उभे राहू लागले. गंज ऐकू येतो काय!

पण तांबूस ठिपके थांबले. फक्त एक सोडून, आणि तो पाहुण्याचा नव्हता.

माझी त्या घरातली पहिली खंडेनवमी मला चांगली आठवत होती. पाटावर कोयते, कुऱ्हाड, मिठागरावरची अवजारं, आणि मधोमध पिस्तूल, राजासारखं. त्यावर पाण्याचा शिंतोडा, ओलं हळदकुंकू, ओल्या अक्षता, वर झेंडूचं टपोरं फूल. आणि पूजा मांडली की दसऱ्यापर्यंत हलवायची नाही. दुसऱ्या दिवशी फूल उचललं, तर खाली तपकिरी चकती. बरोब्बर झेंडूएवढी. कितीही पुसा, जाईना. वर्षभर जिवापाड जपायचं आणि एका दिवसात देवाच्या नावानं भिजवायचं! पण हे मामांना सांगणार कोण? दुसरी खंडेनवमी तोंडावर आली तशी माझी झोप उडाली. भाकरी थापताना झेंडू दिसायचा.

शेवटी एका दुपारी मामा पान लावत बसले होते, तिथे मी निवडायचं सूप घेऊन बसले. चेहरा अगदी गाईसारखा.

"मामा, पूजेला बायको हजर नसली तर काय करतात हो?"

"सुपारी ठेवतात."

"चालते?"

"चालते की! रीतच हाय."

"आणि गणपतीची मूर्ती नसली तर?"

"तरी सुपारी."

"मग पिस्तूल हजर नसलं तर?"

मामांचा अडकित्ता थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, हातातल्या सुपारीकडे बघितलं. तेवढ्यात सासूबाई आतून हसत हसत बाहेर आल्या. "अगं बाय! मी नाय बसले तरी सुपारी, पिस्तूल नाय बसलं तरी सुपारी. म्हंजे या घरात माजी नि त्याची पायरी एकच की!"

"तुजी वरची," मामा म्हणाले. "तू गंजत नायस."

त्या वर्षी पाटावर कोयते, कुऱ्हाड, आणि मधोमध विड्याच्या पानावर एक सुपारी. मामांनी तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, असे काही हात जोडले की हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पूजेनंतर ती सुपारी पानात घालू का म्हणून विचारलं, तर मामा गंभीरपणे म्हणाले, "नको. बार उडंल."

तिसरा दसरा जवळ आला आणि मामांचं खाणंपिणं सुटलं. ओटी ते कपाट, कपाट ते ओटी. मी किल्ली दाखवायचे, ते मान हलवायचे आणि परत फिरायचे. दसऱ्याच्या सकाळी पंच येऊन बसले आणि पनवेलच्या एसटीतून काका उतरले. छातीशी लाल फडक्यात गुंडाळलेलं. मामांना त्यांनी नमस्कार केला, मामांनी "आलास" म्हटलं. तीन वर्षांतलं तेवढंच बोलणं.

काकांनी पंचांपुढच्या पाटावर फडकं सोडलं. झळाळी कसली म्हणता! दारातून येणारं ऊन त्यावर पडलं आणि आमच्या आढ्यावर कवडसा नाचायला लागला. मी आमचं पिस्तूल शेजारी आणून ठेवलं. काळसर, मंद, आणि वर ती तपकिरी चकती. पंचांच्या माना काकांकडे वळल्या. एक जण तर "वा" म्हणून मोकळा झाला. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

मामांनी नुसता हात पुढे केला, काकांच्या पिस्तुलाच्या नळीवर अंगठा ठेवला आणि पुढे सरकवला. मग मागे आणला. मग पुन्हा पुढे.

"वेल कुठं हाय?"

"कसला वेल?" काका म्हणाले. आणि म्हणता म्हणता थांबले.

वेल नव्हता. कारागिराची अक्षरंही नव्हती. काकांनी आधी चिंच लावली होती, मग विटेची भुकटी, आणि त्यानंही समाधान होईना म्हणून बाजारातल्या एका कारखान्यात नेऊन चाकावर घासून आणलं होतं. नुसती गुळगुळीत नळी उरली होती, स्टीलच्या पेल्यासारखी. काकांनी आमच्या पिस्तुलाकडे हात नेला. मी फडकं पुढे केलं, त्यांनी निमूटपणे फडक्यात धरलं. दाराकडे जाऊन उजेडात तिरपं केलं, तशी पानं एकेक करून दिसायला लागली. ते किती तरी वेळ बघत उभे राहिले. "वा" म्हणणारा पंच आता वर आढ्याकडे बघत होता.

"गंजू दिलं नाय रं मी," काका म्हणाले. "एक दिवस सोडलं नाय. रोज घासलं."

"दिसतंय," मामा म्हणाले. टोमणा मारायचा म्हणून म्हणाले असतील, पण आवाज मधेच फाटला.

काकांनी दोन्ही पिस्तुलं एकमेकांना लागून ठेवली आणि पाट मामांकडे सरकवला. लाल फडक्याची घडी घातली, खिशात कोंबली, आणि पहिल्या एसटीनं निघून गेले.

जिंकल्यावर तरी मामांना स्वस्थता मिळावी की नाही? छे! काकांचं पिस्तूल साल काढलेल्या माणसासारखं उघडं पडलेलं. आमच्या हवेत त्यावर दोन दिवसांत लाली चढायची. माझ्या एकटीच्यानं ते होईना. तिसऱ्या आठवड्यात मामांनी पनवेलला निरोप धाडला, तुझं तू येऊन पूस. काका रविवारी आले. मग दर रविवारी येऊ लागले. मी कपाट उघडून दोघांना एकेक फडकं द्यायचे, थेंबथेंब तेल द्यायचे, आणि दाराआड उभी राहून ऐकायचे.

"घासू नको."

"घासत नाय."

"घासतोयस."

"पुसतोय मी!"

"मंग वाकून जोर कशाला लावतोस?"

"तुजं तू बघ ना! तेल चोपडलंय नुसतं. भजी तळतोयस काय?"

"दे हिकडं."

"नाय देत. माजं हाय."



मामांनी मान वर केली.

"तुजंच हाय," मामा म्हणाले. "आता हळू पूस."