ओरडायची मुभा

आमची जिनिंग फॅक्टरी फार मोठी नव्हती, आणि लहान म्हणावी इतकीही नव्हती. हंगामात बेला गावाकडच्या कापसाच्या बैलगाड्या फाटकापासून सडकेपर्यंत लागत आणि यंत्रांच्या घरघरीवर चढून माझ्या नवऱ्याचा आवाज सडकेवर ऐकू येई. तसा माणूस मनाने लोणी. पण पट्टा तुटो की चहा गार होवो, तोंड सुटलं की समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला. मालकाला असंच असावं लागत असेल, असं मला वाटायचं.

नव्वद साल उलटल्यावर एका सूतगिरणीने आमची रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, कायम घ्यायची तयारी दाखवली. ते जमलं असतं तर जुनी यंत्रं बदलता आली असती; नाही तर दोन-तीन हंगामांत फाटकाला कुलूप. पण पहिल्याच खेपेत, गिरणीच्या गोदामात उतरवलेल्या एका गाठीतून धूर निघाला. कापसात खडा आला की यंत्रात ठिणगी उडते. ती रुईत दडून बसली तर दाबलेल्या गाठीच्या पोटात कितीतरी दिवस धुमसत राहते. गिरणीने कळवलं, पुन्हा असं झालं तर व्यवहार बंद.

ह्यांनी सगळ्यांना आवारात उभं केलं. "कोनालेच दिसलं नाई? आंधळे होते काय सगळे?"

दिसलं होतं, हे मला ठाऊक होतं. आमचं घर आवारातच, आणि रुई उचलणारी एक बाई दुपारी माझ्याकडे पाणी प्यायला यायची. ती म्हणाली होती, "बाई, ठिणगी पाह्यली आमी. ओला बारदाना टाकून दाबली. मालकाले सांगतलं असतं तं त्याइनं आमालेच जाळलं असतं."

त्या दिवशी हे जेवायला बसले तेव्हा मी जीव मुठीत धरून बोलले. "त्याइले आगीपेक्षा तुमचं भेव जास्त हाय." बारदान्याचंही सांगितलं, बाईचं नाव मात्र घेतलं नाही. ह्यांचा घास हातातच राहिला. ताट भिरकावतात की काय, असं मला वाटलं. ते हात धुऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. "काई जळल्यावानी वाटलं का वरडायचं. पह्यले मशीन बंद, मंग मले सांगा. खोटं निघालं तरी चालते. मी कोनाले बोलनार नाई." माणसं खाली बघत राहिली. कोणाचा विश्वास बसला नाही. माझाही नाही.

आणि ऐन गर्दीच्या दिवसांत तीच बाई "निप्पू! निप्पू!" करत बाहेर धावली. घाबरली की तिच्या तोंडून तेलुगूच निघे. निप्पू म्हणजे आग; ते ऐकताच यंत्रं थांबली. रुईची अख्खी गंजी उपसली. गाडीवाले खोळंबून कुरकुरू लागले. आगीचा पत्ता नाही. बाई तोंडात पदर धरून उभी. ह्यांचे कान लाल झाले. कान लाल झाल्यावर पुढे काय होतं, ते मी लग्नापासून बघत आले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग इतक्या हळू बोलले की ऐकायला लोकांना पुढे सरकावं लागलं.

"काय दिसलं व तुले?"

"वास आला मालक. वाटलं, जळून राह्यलं."

"पुन्हा आला तं पुन्हा वरडजो."

आणि सगळ्यांना चहा सांगितला, गाडीवाल्यांनासुद्धा. त्या क्षणी मला ते फार आवडले. लग्नात बघितलं तेव्हाही इतके आवडले नव्हते.

मग लोक ओरडू लागले. खड्यासाठी, तापलेल्या यंत्रासाठी, कधी नुसत्या संशयाने. बऱ्याच हाका फुकटच्या असत. पण खऱ्या ठिणग्याही सापडल्या, वेळेवर. गिरणीकडे धुराची गाठ पुन्हा गेली नाही आणि पुढच्या हंगामाची रुईही तिने आमचीच घेतली. नवी यंत्रं आली. आता सुखाने झोपा, असं मी ह्यांना म्हणायची.

एका रविवारी दुपारी मी तुरीची डाळ निवडत होते. हे पलंगावर आडवे. एकदम म्हणाले, "तुले बी वाटते का व माहं भेव?"

"वाटते ना," मी म्हटलं.

ते माझ्याकडे कुशीवर वळले. मग म्हणाले, "मंग तूनं काय काय दाबून ठेवलं?"

हसून टाळता आलं असतं. मी सूप खाली ठेवलं. "पोरीले नागपूरले शिकाले जायचं हाय. दिवाळीपासून माह्या मागं लागून राह्यली. तुमाले सांगाची हिंमतच नाई झाली."

त्यांचे डोळे भरून आले. मला ते बघवेना. त्यांनी मुलीला हाक मारली, हळूच. ती दारात येऊन उभी राहिली. एक पाय आत, एक बाहेर. हे भिंतीकडे सरकले, पलंगावर जागा केली.

"ये, बस. मले तूच सांग."

ती पलंगाच्या अगदी कडेला बसली, चटकन उठून पळता येईल अशी.