अकराव्या प्रकरणातली चप्पल

माझ्या मुलीच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे! पहिली दिवाळीआधीच संपली. प्रेमकथा आहे, आर्वीजवळच्या आमच्याच रोहण्याकडची. ती वाचून कुठकुठल्या मुली मला फोन करतात. मला, शहात्तर वर्षांच्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाला! "आजोबा, असे बाबा आम्हालाही हवे होते," म्हणतात. कारण अकरावं प्रकरण. त्यात नायिकेचे वडील तिच्या प्रियकराला थांबवायला एसटीमागे धावतात, गाडी सुटते, आणि ते तुटकी चप्पल हातात घेऊन घरी येतात.

तो बाप म्हणजे मी. आणि ते तसं घडलंच नाही.

मुलीनं खोटं लिहिलेलं नाही. तिला जे खरं वाटत होतं तेच तिनं लिहिलं. खोटं माझं होतं.

तो मुलगा माझाच विद्यार्थी. गोंड कुटुंबातला, वडील जंगलात मजुरीला जायचे. चौथीत असताना त्याची वही मी वर्गभर फिरवायचो, "असं अक्षर काढा," म्हणून. त्याच मुलानं पुढे माझी मुलगी मागितली, तेव्हा मला वही आठवली नाही, जात आठवली. एवढं एक वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली.

त्या सकाळी तो नोकरीसाठी पुण्याला निघाला होता.

"बाबा, अकराच्या गाडीनं जाऊन राह्यला तो," मुलगी म्हणाली. "तुमच्या होकारासाठी थांबला होता. घेऊन या न त्याले घरी."

"पाहतो," म्हणून मी निघालो. घरात एकच मोबाईल, तोही माझ्या खिशात.

स्टँडवर मला बघताच त्याचा चेहरा फुलला. तो पाया पडला. मी म्हणालो, "तिचं दुसरीकडं जमलं, बाबू. तिनंच सांगाले धाडलं मले."

तो पिशवी उचलून गाडीत चढला. मागे वळून पाहिलं नाही. कोणी बघेल या भीतीनं मी लगबगीनं फिरलो, ठेच लागली आणि चपलेचा अंगठा तुटला.

दारात मुलगी उभी होती. माझ्या हातातली चप्पल तिनं पाहिली आणि रडत गळ्यात पडली. "धावले न बाबा तुम्ही? गाडी निघून गेलती न?"

मी "हो" म्हणालो.

पुढे त्यानं नंबर बदलला, तिचा फोन लागला नाही. तीन वर्षांनी वर्ध्याला कोणाच्या तरी लग्नात दोघांची गाठ पडली आणि जमलं. या वेळी मी आडवा गेलो नाही. तिनं त्याला मोठ्या कौतुकानं चपलेची गोष्ट सांगितली. त्यानं ती ऐकून घेतली आणि "गैरसमज माझाच झाला," म्हणाला. आमच्याकडे जावई सासऱ्याला मामाजी म्हणतात. हा अजून मला गुरुजीच म्हणतो.

गेल्या रविवारी दोघं उड्या मारतच आले. आर्वीच्या वाचनालयात कार्यक्रम ठरला होता आणि 'अकराव्या प्रकरणातल्या बाबांचा' शाल देऊन सत्कार होता! मुलीनं गंमत म्हणून माझ्यासाठी नवी कोरी चप्पल आणली होती.

"हीच घालून स्टेजवर चढजा, बाबा!"

मी डबा उघडला. नव्या चपलेचा तो वास! म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. एका दमात सगळं सांगून टाकलं, जावयासमोर.

मुलगी त्याच्याकडे वळली. "तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"दुसऱ्याचं उत्तर आपण ओरडून सांगाचं नाई, हे गुरुजींनंच शिकवलं," तो म्हणाला. "म्हटलं, सोडवतीन कधीतरी."

तो हसला. ती हसली नाही. उठून अंगणात गेली. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, फोनवर: "छपाई थांबवा. हो, आजच!"

संपलं, मला वाटलं. पुस्तकही गेलं आणि पोरगीही गेली.

ती आत आली. डोळे लाल, पण आवाज मी वर्गात लावायचो तसा. "अकरावं प्रकरण तसंच राहीन. मी ते खरं मानून लिहिलं. त्याच्या मागं तुम्ही लिहा, तुमच्या हातानं. शुक्रवारपर्यंत. अन् माफ केलं असं समजू नका."

"अन् सत्कार?"

"कायचा सत्कार? स्टेजवर हेच वाचून दाखवा. मंग पाहू शाल द्याची का नाई."

तर ही ती पानं. चार दिवस पहाटे उठून लिहितो आहे. परीक्षेला बसलेल्या पोरासारखी भीती वाटते आणि तितकाच आनंदही होतो!

काल जावयानं कच्ची पानं वाचायला घेतली. वाचता वाचता लाल पेन मागितला आणि एका वाक्याखाली रेघ ओढली: 'मागे वळून पाहिलं नाही.'

"हे चुकलं, गुरुजी. पाह्यलं होतं मी. खिडकीतून. तुम्ही हातात चप्पल घेऊन उभे होते. मले वाटलं, आता हाक मारता."

ते वाक्य मी वर तसंच ठेवलं आहे. दुरुस्ती ही: त्यानं पाहिलं होतं. मी हाक मारली नाही.

शनिवारी आर्वीला मी सगळ्यात आधी हीच दुरुस्ती वाचणार आहे. मुलगी समोर बसणार आहे, तसं तिनं बजावूनच सांगितलंय. चपलेचा डबा अजून माझ्या खाटेखाली आहे. तिनं तो परत नेलेला नाही.