उत्तरेचा वारा आणि बाराचं विमान

कुसुमताईला पाहायला आलेले पाहुणे आमच्या घरी पोचले, तेव्हा मी त्यांना आणायला विमानतळाच्या वाटेवर होतो.

त्या वर्षी नवं राज्य झालं आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या भराभर भोपाळला निघाल्या. मुलाचे मामा शिक्षण खात्यात बडे अधिकारी. दिल्लीहून विमानाने येणार, ताईला पाहणार आणि संध्याकाळच्या गाडीने भोपाळ गाठणार. तार आली, 'विमान दहाला सुटतं.' पोचतं कधी, ते नाही!

"त्यात काय!" मी म्हणालो. (मी शाळेत गणित शिकवत होतो. नोकरी कच्ची होती, रुबाब पक्का.) "अंतर दोनशे मैल. विमानाचा वेग ताशी दीडशे. अण्णा, वारा कुठला?"

वडील गच्चीवरून ओरडले, "उत्तरेचा! माझं धोतर उडालं शेजारी!"

"पन्नास धरू. विमान चाललंय दक्षिणेला, वारा उत्तरेचा, म्हणजे विरुद्ध! दीडशेतून पन्नास गेले, उरले शंभर. दोन तास. बारा वाजता!"

"अरे वसंता, वारा उत्तरेकडून येतोय ना?" ताई म्हणाली. "मग तो विमानाला ढकलेल की!"

"तू पोहे बघ."

फूलबागेशी तांग्यात मलाच शंका आली. वजाऐवजी बेरीज केली तर उत्तर अकरा! आणि अकराच वाजत होते! घाईने पुन्हा वजाबाकी केली. बारा आले, तेव्हा जिवात जीव आला.

तेवढ्यात डोक्यावरून घरघर ऐकू आली. तांगेवाला म्हणाला, "बाबूजी, जहाज तो उतर रहा है!"

"वो अपना नहीं है," मी ठणकावलं.

बरोब्बर बाराला विमानतळावर पोचलो. चौकीदार म्हणाला, "दिल्ली वाला? वो तो ग्यारह बजे आया, चला भी गया. एक साहब राह देख-देख के मोटर से निकल गए."

धापा टाकत घरी आलो. मामा पोहे खात होते. शेजारी अण्णा, धोतराऐवजी चादर गुंडाळून! आणि ताई पाटीवर मामांना माझं गणित सोडवून दाखवत होती.

मामा हसून म्हणाले, "मुलगी पसंत आहे! फार हुशार." मग माझ्याकडे वळले. "तुमच्या शाळेतले शिक्षक आता आमच्याच खात्यात येणार. तुम्ही कोणता विषय शिकवता?"

ताईने पाटी पदराआड घेतली.

"इतिहास," मी म्हणालो.

नव्या राज्याच्या शिक्षकांची यादी लागली. माझी नोकरी पक्की झाली आणि नावापुढे विषयही तोच आला! निवृत्त होईपर्यंत मी इतिहास शिकवला. सनावळ्या ताईला पत्र टाकून विचारत होतो.