काट्या लावलेली घरं

नकाशा समोर पसरला की नाना आधी चष्मा कपाळावर चढवायचे, कागदाला नाक लागेल इतके वाकायचे आणि विचारायचे, ‘‘ह्यात मानूस कुठं हाय?’’ नकाशात माणूस कुठे दाखवतात, हे आमच्या नगरच्या नगररचना कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मग तेच म्हणायचे, ‘‘न्हाई ना? मग जरा जपून आखा.’’

नाना आमचे अनुरेखक. वरच्यांनी पेन्सिलीने आखलेला नकाशा पारदर्शक कागदावर काळ्या शाईने उतरवायचा, हे त्यांचं काम. ही शाई खोडरबराने जात नाही, ब्लेडने खरवडावी लागते. त्यासाठी त्यांच्या खिशात दाढीचं अर्धं ब्लेड असे. उरलेल्या अर्ध्याने ते दाढी करत असावेत, कारण ती कधी पुरती झालेली दिसली नाही. मी नोकरीत नवा, पण हुद्द्याने त्यांच्या वर. ते मला ‘रावसाहेब’ म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा हिशेब मी कधी लावला नाही.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. शहराची हद्द पूर्वेकडे वाढायची होती आणि आम्ही त्या भागाचा आराखडा करत होतो. राहायची जागा पिवळी, शेतीची हिरवी. पिवळा रंग सगळा शहराच्या वाट्याला जाई. ‘‘हिरव्यात काय नुसती गुरं ऱ्हात्यात व्हय?’’ नाना रंगाची वाटी ढवळत विचारत. आमचे मोठे साहेब हसत आणि पुढचा कागद ओढत.

शहराची नड मात्र खोटी नव्हती. मी आई-बायकोसह दीड खोलीत राहत होतो. नाना पंचवीस वर्षं एकाच भाड्याच्या खोलीत होते. कर्मचाऱ्यांनी मिळून गृहनिर्माण संस्था काढली आणि नव्या हद्दीतल्या एका खेड्याला लागून असलेली सरकारी जमीन मागितली. यादीत माझं नाव होतं, नानांचंही होतं. ‘‘रिटायर व्हायच्या आत सोताचं दार पायजे, रावसाहेब,’’ ते म्हणाले होते. स्वतःसाठी त्यांनी काही मागितलेलं मी एवढंच ऐकलं.

पौषात आम्ही दोघे जागा पाहायला गेलो. कुडाची, पत्र्याची तीसेक घरं होती. चूल नाही, कोंबडी नाही, माणूस नाही. प्रत्येक दारावर बाभळीच्या काट्या रचलेल्या. मी म्हणालो, ‘‘नाना, इथं कोणी राहत नाही.’’ त्यांनी मान डोलावली. पाहणीच्या कागदावर, आणि त्यावरून पुढे नकाशावरही, त्यांच्याच वळणदार अक्षरात शब्द उतरला: ‘ओसाड’. परतताना दोघेही खुशीत होतो.

चैत्रात नाना जत्रेला गावी गेले. एसटी त्याच वस्तीवरून गेली. सोमवारी ते कचेरीत आले ते थेट माझ्या टेबलाशी. ‘‘रावसाहेब, आपन मानसं खरवडली. तिथं चुली पेटल्यात.’’

तुमच्याही लक्षात आलं असेल. ती ऊसतोड कामगारांची वस्ती होती. दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन ती माणसं कारखान्याला जातात आणि हंगाम संपला की परततात. नाना स्वतः त्याच भागातले. त्यांना हे पौषातच कळायला हवं होतं, आणि आपली ही चूक त्यांच्या माझ्याआधी ध्यानात आली होती.

ते मला पुन्हा तिथे घेऊन गेले. कोयते धुऊन वाळत घालणाऱ्या एका बाईला त्यांनी कागदावर काय लिहिलंय ते सांगितलं. ती रागावली नाही. तिला नवल वाटलं.

‘‘आमी काट्या लावून गेल्तो की. ओसाड घराला कोन काट्या लावतंय, भाऊ?’’

नाना तिथून तडक कचेरीत साहेबांकडे गेले आणि नकाशा बदला म्हणाले.

साहेब म्हणाले, ‘‘नकाशा मंजुरीला निघालाय. शहरातल्या लोकांनी राहायचं कुठं?’’

‘‘गरज खरी हाय, साहेब. जागा दुसऱ्याची हाय.’’

नानांनी ब्लेड काढलं. नकाशावरचा ‘ओसाड’ इतका खरवडला की कागदाला भोक पडलं. मग तीन दिवस बसून त्यांनी अख्खा नकाशा नव्याने काढला आणि त्या जागी लिहिलं, ‘गावठाण विस्तार’, म्हणजे गावाचीच वाढलेली वस्ती. साहेबांनी कुरकुरत सही केली.

संस्थेची जागा गेली. कर्मचारी नानांशी बोलेनासे झाले. ‘स्वतः जेवायचं नाही, दुसऱ्याच्या ताटात माती’ असं कोणी त्यांच्या तोंडावर म्हणालं. महिनाभर मीही त्यांच्यासोबत डबा खाल्ला नाही. मला राग आला होता. ते बरोबर होते, म्हणून जास्तच आला होता.

पुढे चार वर्षांनी संस्थेला दुसरीकडे खडकाळ माळ मिळाला. नवी यादी फक्त नोकरीत असलेल्यांची होती. नाना त्याआधी सहा महिने निवृत्त झाले होते. त्यांच्यासाठी अर्ज करावा, असं आम्हा कोणाला सुचलं नाही.

माझं घर उभं राहिलं. वास्तुशांतीची पत्रिका मी नानांना धाडली. ती परत आली. पोस्टमनने पाकिटावर लिहिलं होतं, ‘खोली पाडली. भाडेकरू कुठे गेले माहीत नाही.’

ती खोली माझ्या जुन्या घरापासून तीन गल्ल्या सोडून होती. बोलवायला मी स्वतः गेलो नव्हतो. पोस्टाने धाडलं होतं.