रंगवलेले हिरडे

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची दोन शिक्षकांची शाळा. पहिलीचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा पुस्तकांच्या आधी प्रशिक्षण आलं. शैक्षणिक साहित्य मुलांच्या परिसरातूनच हवं, असं तीन दिवस सांगण्यात आलं. उदाहरणादाखल पडद्यावर मेट्रो स्टेशन दाखवलं.

मी मात्र ते मनावर घेतलं. आमच्याकडे घरोघरी हिरडा गोळा करतात. वर्गातल्या एका मुलीच्या आईनं पिशवीभर ओला हिरडा दिला. दाभणानं टोचून मी दहा-दहाच्या माळा ओवल्या. हात चार दिवस काळे राहिले, पण दशक-एकक मुलांना आठवड्यात समजलं.

पुढे जिल्ह्याचं साहित्य प्रदर्शन निघालं. त्याआधी पाहणीला आलेल्या साहेबांनी माळ हुंगली आणि हे पोटासाठी आहे का, असं विचारलं. साहित्य आकर्षक दिसलं पाहिजे, असंही बजावलं. मग मी आणि माझ्या सहकारी गुरुजींनी सगळे हिरडे ऑइलपेंटनं रंगवले आणि त्यांना ‘बहुउद्देशीय संख्याबोध संच’ असं नाव दिलं. ओसरीवर वाळत घातलेल्या माळा पाहून ती आई म्हणाली, “बाई, आता ह्यो औषधाला बी चालायचा न्हाई.”

संचाला पहिला क्रमांक मिळाला. मुलांनी हाताळून खराब करू नये म्हणून तो जिल्ह्याच्या कार्यालयातच काचेच्या कपाटात ठेवला. पाठोपाठ सगळ्या शाळांना असाच संच बनवायचं पत्र गेलं.

एके दिवशी निमगाव सावाच्या एका गुरुजींचा फोन आला. त्यांच्या भागात हिरड्याचं झाड औषधालाही नव्हतं. मी त्यांना चिंचोके वापरायला सुचवलं.

“चिंचोके पोतंभर हायेत हो,” ते म्हणाले, “पण पत्रात हिरडा लिहिलाय.”

गावात उरलासुरला वाळका हिरडा मी एसटीनं पाठवला. त्यांनी उपकाराची फेड म्हणून चिंचोके पाठवले. आमच्या डोंगरात चिंच होत नाही, त्यामुळे माझी मुलं त्यांवर खूश झाली. गुळगुळीत चिंचोके फरशीवर घरंगळायचे, त्यांच्यामागे धावत मुलं शंभरपर्यंत मोजायला शिकली.

नंतर साहेब शाळाभेटीला आले. मुलांनी त्यांना न चुकता मोजून दाखवलं. त्यांनी चिंचोके पाहिले, चिंच इकडे होते का ते विचारलं आणि भेटपुस्तकात लिहिलं : परिसरातील साहित्याचा वापर आढळला नाही.

मी खाली सही केली.