आईची प्रश्नावली

म्हातारपणावर संशोधन करता करता मॅडमच साठीला टेकल्या, असं माझे विद्यार्थी माझ्या मागे म्हणतात. म्हणू देत. अमरावतीत बसून मी या विषयाची सगळी वळणं पाहिली आहेत. आधी सगळ्यांना एकच काळजी होती, म्हाताऱ्यांना पोसणार कोण. मग गुडघे, साखर आणि रक्तदाब मोजायचे दिवस आले. अलीकडे एकटेपणावर लेख निघतात, आणि म्हाताऱ्या माणसाला काय हवंय ते त्यालाच विचारायची पद्धत पडली आहे. आमच्या विभागात ती मी पाडली, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

वऱ्हाडात हे सोपं नाही. हिवरखेडला एका आजोबांना विचारलं, "दिवस कसा जातो?" तर आतून सून म्हणाली, "मजेत जाते त्याईचा." आजोबांनी मान डोलावली. सुनेच्या मनात वाईट काही नव्हतं. घरातल्या मोठ्यांना बोलायची तसदी द्यायची नाही, अशी इथली रीतच आहे. मी मात्र नियम केला, उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं. दुसऱ्यानं दिलं तर खोडायचं. या नियमापायी मी विद्यार्थिनींना रडवलंसुद्धा आहे.

गेल्या हिवाळ्यात एका नव्या विद्यार्थिनीला सरावासाठी अकोल्याला माझ्या आईकडे नेलं. आई ऐंशीच्या पुढची. एकटी राहते, अजून झेंडूचे हार करून देवळाबाहेर विकते. त्याच्या महिनाभर आधी ती न्हाणीत घसरली होती आणि माझ्या जिवाला घोर लागला होता. रविवारी टेम्पो येणार होता, आईला सामानासकट अमरावतीला न्यायला. ती यावर काही बोलली नव्हती. मी होकार धरून चालले होते.

विद्यार्थिनी एकेक प्रश्न विचारत होती, आई हार ओवता ओवता उत्तरं देत होती.

"आजी, यापुढे कुठं राहायला आवडेल?"

"माझ्याकडे, अमरावतीला," मी म्हणाले.

मुलीचा पेन थांबला. माझ्याकडे न बघता तिनं ते लिहून घेतलं.

"लिवलं काय व पोरी?" आई म्हणाली. "आता मले इचार."

मुलीनं पुन्हा विचारलं.

"इथंच, अकोल्यात. पडली तर शेजारीण उचलते मले. अमरावतीले दिवसभर कोनाची वाट पाहू मी? हे तं सकाळीच निघते कॉलेजले."

मला राग आला, आईचा आणि त्या मुलीचाही. मग भीती वाटली, पुन्हा पडली तर? आणि त्याहून जास्त लाज वाटली. इतकी वर्षं गावोगाव हिंडून जे विचारलं, ते मी माझ्या आईला एकदाही विचारलं नव्हतं. आई पुढचं फूल ओवत होती.

"मॅडम," मुलगी हळूच म्हणाली, "तुमचं उत्तर खोडू?"

"खोड," मी म्हणाले, आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.